खुर्चीआधी सावली आणि पायरी

तालुक्याच्या गावी कबड्डीच्या मैदानाला प्रेक्षागॅलरी बांधायचे ठरले, की पहिल्याच बैठकीत खुर्च्यांचे कॅटलॉग टेबलावर पसरतात आणि निळी घ्यावी की भगवी यावर चहाच्या दोन फेऱ्या होतात. आमच्या मंडळातही हेच चालू आहे. माझे मत असे, की खान्देशात खुर्ची सर्वांत शेवटी निवडावी. आधी ऊन, मग पायरी आणि पैसे उरलेच तर खुर्ची.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे कोणाला सांगायला नको. पण सामन्यांचा खरा हंगाम हिवाळ्याचा, आणि सामने रंगतात दुपारी चारनंतर. त्या वेळी सूर्य नैर्ऋत्येकडे कललेला असतो. गॅलरी पूर्वेला बांधली, तर पश्चिमेकडे तोंड करून बसलेले प्रेक्षक कपाळावर हात धरूनच सामना पाहतात. म्हणून मुख्य गॅलरी पश्चिमेलाच हवी. तिथे ऊन पाठीवर येते आणि वर पत्र्याचे छप्पर असले, तर दिवस कलेल तशी सावली पुढच्या रांगांवरही सरकत जाते.

पायरीचा हिशेब मात्र चुकला की चुकलाच. कबड्डीत सगळा खेळ जमिनीवर असतो. बोनस रेषा ओलांडताना चढाई करणाऱ्याचा मागचा पाय हवेत होता की टेकलेला, मध्यरेषेला हात लागला की नाही, हे दिसले नाही तर प्रेक्षक पंचांशी भांडणार तरी कशाच्या जोरावर? त्यामुळे मागच्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून जवळच्या बाजूरेषेपर्यंत पोहोचली पाहिजे. पुढच्याच्या डोळ्यांच्या पातळीपासून ही नजर किती वरून जाते, त्या अंतराला स्टेडियम बांधणारे 'सी-व्हॅल्यू' म्हणतात. ते ९ सेंमी असले तर चांगले आणि ६ सेंमी ही चालवून घेण्याची मर्यादा. पहिल्या रांगेतल्याचे डोळे मैदानापासून १.२ मीटर उंच, तो रेषेपासून ४ मीटर लांब आणि पायरी ७५ सेंमी खोल धरली, तर ३० सेंमी उंचीच्या पायरीने जेमतेम ६ सेंमी मिळतात. तीच पायरी ३५ सेंमीची केली, की १० सेंमी. एकाच उंचीच्या पायऱ्या वर चढवत नेल्या, तर हे अंतर प्रत्येक रांगेला थोडे थोडे घटत जाते, म्हणून सुरुवातीलाच हात सैल ठेवावा. शिवाय हे आकडे उघड्या डोक्यांचे आहेत. आपल्याकडे पहिल्या दोन रांगांत टोप्या आणि रुमाल बांधलेली मंडळी बसतात आणि मागून "भाऊ, खाले बठ ना!" चा गजर सुरू होतो.

आता खुर्ची. उघड्यावर साधी पॉलिप्रॉपिलीनची खुर्ची घेतली आणि तिच्या प्लास्टिकमध्ये अतिनील किरणांना रोखणारे रसायन नसले, तर काही उन्हाळ्यांतच ती पिठाळते: हात फिरवला की तळव्याला पांढुरकी भुकटी लागते आणि पुढे पहिली चीर बोल्टच्या भोकापाशीच जाते. म्हणून नमुना पाहताना रंगापेक्षा ते भोक आणि त्याभोवतीची जाडी पाहावी, आणि त्या रसायनाची हमी लेखी घ्यावी. गडद रंग जास्त तापतो, फिकट रंगावर काळ्या मातीची धूळ उठून दिसते. मी धूळ पत्करीन. घडी होणारी स्प्रिंगची खुर्ची बंदिस्त सभागृहात छान, आपल्या धुळीत नको.

खुर्ची पायरीच्या उभ्या बाजूला बसवावी, म्हणजे खाली झाडू सरळ फिरतो. ही केवळ टापटिपीची बाब नाही. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे ११ मे १९८५ रोजी लाकडी गॅलरीखाली साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि ५६ माणसे दगावली. आपल्याकडे सामना संपला की शेंगांच्या टरफलांचा थर असतो आणि विडी ओढणारेही असतातच.

भाड्याच्या बांबू-फळ्यांच्या गॅलरीबद्दल एवढेच, की मार्च २०२१ मध्ये तेलंगणातील सूर्यापेट येथे राष्ट्रीय कुमार गटाच्या कबड्डी स्पर्धेत तात्पुरती गॅलरी कोसळून शंभराच्या आसपास लोक जखमी झाले. पाहुणे येणार म्हणून आदल्या रात्री दोन रांगा वाढवणाऱ्यांनी त्या दुर्घटनेचे छायाचित्र एकदा पाहावे.

निधी तोकडा असेल, तर छपराखाली नुसत्या काँक्रीटच्या नीट पायऱ्या बांधाव्यात. चटया जळगावातच बनतात, लोक घरून आणतील. फक्त पायरीची खोली ७५ ऐवजी ८० सेंमी ठेवावी आणि उंची त्या मानाने पुन्हा मोजून घ्यावी. पुढे कधी ३० सेंमी पाठीच्या खुर्च्या लावल्या, तरी बसलेल्याच्या गुडघ्यांपुढून माणूस जाऊ शकेल आणि काँक्रीट फोडावे लागणार नाही.