माझा अनुभव : वर्गणीचा चेक लिहिण्याआधी स्कुबा संघटनेचे दप्तर वाचताना

खान्देशात समुद्र नाही, पण स्कुबाचे, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्याचे, काम आहे. धरणांच्या इंटेक विहिरी आणि त्यांच्या जाळ्या पाण्याखाली उतरूनच तपासाव्या लागतात. पावसाळ्यात तापी, गिरणा, पांझरा फुगल्या की शोधकार्य निघते. धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडीच आहे. हौशी मंडळींना तलावात मास्क लावून पहिला श्वास घ्यायला शिकवणारे आणि मग तारकर्लीला पाठवणारेही इथे आहेत. या सगळ्यांचे सिलिंडर भरणारे, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वास घेण्याजोग्या दाबावर आणणारे उपकरण) उघडून साफ करणारे, सुटे भाग आणून देणारे आम्ही मूठभर लोक. आमच्याकडे व्यवसाय संघटनेचे पत्रक येते, त्यात फायद्यांची लांबलचक यादी असते आणि खाली वर्गणीचा आकडा. ती यादी बाजूला ठेवून दप्तर कसे वाचायचे, ते इथे मांडतो आहे. जिचे दप्तर मी वाचले त्या संघटनेचे नाव देत नाही, कारण हीच रीत कुठल्याही संघटनेला लागू पडते.

संघटना कोणाचे काम करते हे तिच्या उद्देशपत्रिकेत सापडत नाही. ती कोणाच्या पैशावर चालते आणि मत कोणाला आहे, या दोन गोष्टींत ते सापडते.

आधी नोंदणी बघायची. महाराष्ट्रातली बहुतेक व्यापारी मंडळे १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली असतात आणि त्यांतली बरीच सार्वजनिक न्यास म्हणूनही. अशा संस्थेचा नोंदणी क्रमांक मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करून परिशिष्ट एकचा उतारा काढा. त्यात सध्याच्या कार्यकारिणीची नावे असतात. पत्रकावरचा अध्यक्ष आणि उताऱ्यावरचा अध्यक्ष वेगळा निघाला, तर बदल अहवाल, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याची खबर, दाखल झालेला नाही किंवा दाखल होऊन पडून आहे. कायद्याप्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यावा लागतो. हा नुसता कागदी दोष नाही. जुनी आणि नवी कार्यकारिणी भांडत असेल तर बँकेचे खाते अडकते, आणि तुमचा प्रश्न घेऊन सरकारदरबारी कोणी जायचे हेच ठरत नाही. संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे ना-नफा कंपनी असेल तर काम सोपे आहे. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरले की ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र घरबसल्या बघता येते.

मग नियमावली. सभासदांचे वर्ग वाचा: संस्थापक, आजीव, साधारण, सहयोगी. पत्रकातला स्वस्त वर्ग बहुतेक वेळा सहयोगी असतो, आणि सहयोगी सभासदाला बऱ्याच ठिकाणी मतच नसते. मत असेल तर ते दर सभासदाला एक की वर्गणीच्या टप्प्याप्रमाणे, हे बघा. गणपूर्ती किती, सभा कुठे भरते आणि दुसऱ्यामार्फत मत देता येते का, या तीन कलमांवर खान्देशातल्या माणसाचे सगळे अवलंबून आहे. सभा दरवर्षी किनाऱ्यावरच्या हॉटेलात आणि मतदान फक्त हजर राहून, असे असेल तर भुसावळहून रात्रीच्या गाडीने जाणारा सभासद कागदावरच सभासद राहतो.

इथे एक खुलासा हवा, कारण आमच्या धंद्यातच याची गल्लत होते. पॅडी ही स्कुबाचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देणारी, १९६६ साली सुरू झालेली संस्था. नावात असोसिएशन असले तरी ती खासगी मालकीची कंपनी आहे. तिची वार्षिक फी भरली की शिकवण्याचा परवाना चालू राहतो, पण तिथे संचालक निवडायला मत नसते. डॅन ही दुसरी संस्था पाण्याखाली उतरणाऱ्यांना अपघाताच्या वेळी मदत आणि विमा देते. या दोन्हींचा उपयोग मोठा आहे, पण त्या व्यापाऱ्याचे म्हणणे मांडायला बांधलेल्या नाहीत. व्यवसाय संघटना म्हणावी अशी जगातली सगळ्यांत ठळक संस्था म्हणजे अमेरिकेतली डेमा. ती सुरुवातीला साहित्य उत्पादकांची संघटना होती. पुढे नावातले 'उत्पादक' गेले, 'विपणन' आले आणि दुकानदार, प्रशिक्षण संस्था, रिसॉर्टवालेही आत आले. तिचे मोठे काम म्हणजे दरवर्षीचे व्यापारी प्रदर्शन. २०२० मध्ये कोविडमुळे ते प्रत्यक्ष भरले नाही. प्रदर्शनावर उभ्या असलेल्या कुठल्याही संघटनेला असे एक वर्ष पुरते हलवून जाते, आणि त्या वर्षी दुकानदार सभासदासाठी काय शिल्लक राहिले हे बघितले की तिचा खरा कणा कळतो. अमेरिकेत अशा करमुक्त संघटनांना 'फॉर्म ९९०' लोकांना खुला ठेवावा लागतो. त्यात प्रदर्शनाचे उत्पन्न, वर्गणीचे उत्पन्न आणि वरिष्ठांचे पगार वेगवेगळे दिसतात. आपल्याकडच्या न्यासाला परिशिष्ट आठप्रमाणे ताळेबंद आणि परिशिष्ट नऊप्रमाणे उत्पन्न-खर्च पत्रक द्यावे लागते. काम तेच, फक्त मागून घ्यावे लागते.

हे पत्रक वाचायला सीए लागत नाही. सलग तीन वर्षांची घ्या, कारण एका वर्षाच्या आकड्यांनी काही कळत नाही. उत्पन्नाची बाजू दोन रकान्यांत मांडा: सभासदांची वर्गणी एकीकडे, प्रदर्शनाचे गाळे, जाहिराती आणि प्रायोजक दुसरीकडे. समजा वर्गणी ६ लाख आणि प्रदर्शन ४० लाख. मग गाळे घेणारा मोठा आयातदार रुसलेला संघटनेला परवडणार नाही, वर्गणी भरणारा छोटा दुकानदार रुसला तर चालेल. तोच आयातदार दुकानाला डावलून ऑनलाइन थेट गिऱ्हाइकाला दुकानाच्या खरेदीभावात रेग्युलेटर विकत असेल, तर ती तक्रार सभेच्या विषयपत्रिकेवर का येत नाही याचे उत्तर या दोन रकान्यांतच आहे. कोणाची नियत वाईट असावी लागत नाही. पैसा जिकडून येतो तिकडेच लक्ष जाते.

खर्चाची बाजू बघताना 'सभा व समारंभ', 'प्रवास', 'सत्कार' यांची बेरीज एका बाजूला करा आणि 'प्रशिक्षण', 'तपासणी', 'कायदेशीर सल्ला', 'निवेदने' यांची दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू कोरी असेल तर पत्रकातली फायद्यांची यादी फाडून टाकायला हरकत नाही. वर्गणीच्या पावतीवर जीएसटी आहे का तेही बघा. संघटनेची उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर १८ टक्के लागतो, आणि तुमचा जीएसटी क्रमांक पावतीवर नसेल तर भरलेल्या कराचे क्रेडिट बुडते.

आता मुख्य गोष्ट. या धंद्याला संघटनेकडून नेमके काय हवे? मी दोन कामे पुढे ठेवून विचारणा केली, आणि कुठल्याही संघटनेला हीच दोन विचारा असे सांगेन.

पहिले काम सिलिंडरच्या चाचणीचे. आपल्याकडे सर्रास वापरात असलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा, २०७ बार दाबाचा. त्याची ठरावीक मुदतीने जलदाब चाचणी (पाणी भरून, दाब देऊन केलेली तपासणी) पेसोच्या, म्हणजे स्फोटके आणि दाबाच्या सिलिंडरवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, मान्यताप्राप्त केंद्रातच व्हावी लागते. खान्देशाच्या आसपासची केंद्रे ऑक्सिजन आणि औद्योगिक वायूच्या पोलादी सिलिंडरवर पोसलेली आहेत. तिथे पोलादी सिलिंडर रंगवून भट्टीत सुकवायची पद्धत असते. ॲल्युमिनियम साधारण १७५ अंशांच्या वर तापले की त्याची ताकद जाते. बाहेरून काही दिसत नाही, पण तो सिलिंडर बाद धरावा लागतो. दुसरी खोट अशी की, चाचणी झाल्यावर आत पाणी तसेच ठेवून व्हॉल्व्ह बसवून देतात आणि थोड्याच महिन्यांत तळाशी पांढरी बुरशीसारखी पूड धरते. म्हणून सिलिंडर देताना चिठ्ठीवर लिहून द्यायचे: भट्टी नाही, गरम हवेने हलके सुकवणे, मानेच्या आट्यांना तेल नाही. परत घेताना नुसता शिक्का बघू नका. वॉटर जॅकेटचे वाचन, म्हणजे दाब दिल्यावर सिलिंडर किती फुगला याचा आकडा, मागा. दाब काढल्यावरही राहिलेली कायमची वाढ एकूण वाढीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर सिलिंडर नापास. जुना परदेशी सिलिंडर असेल तर मिश्रधातू विचारा. साधारण १९८८ पर्यंतच्या ६३५१ मिश्रधातूच्या काही सिलिंडरना मानेच्या आट्यांत हळूहळू तडे जातात. ते जलदाब चाचणीत नेहमीच सापडत नाहीत, त्यासाठी मानेची एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने तडे शोधणारी) वेगळी करावी लागते.

यात संघटना काय करू शकते? ॲल्युमिनियम नीट हाताळणारी केंद्रे शोधून त्यांची यादी छापू शकते. खान्देश, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडच्या सभासदांचे सिलिंडर एकाच गाडीत भरून पाठवू शकते. पेसोकडे लेखी प्रश्न विचारून उत्तर सगळ्यांना वाटू शकते. तीनही कामे स्वस्त आहेत. मला मिळालेले उत्तर असे होते: "आमच्या बहुतेक सभासदांचा हा प्रश्न नाही." किनाऱ्यावरच्यांपुरते ते खरेही असेल.

दुसरे काम हवेच्या शुद्धतेचे. जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पुस्तिकेतले फिल्टर बदलायचे तास थंड हवा धरून दिलेले असतात. २० अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, ४० अंशांना ५१ ग्रॅम. उन्हाळ्यातली हवा कोरडी असली तरी कॉम्प्रेसरमध्ये दाबली की पाणी सुटतेच, आणि गरम हवा ते सेपरेटरमध्ये (पाणी वेगळे करणाऱ्या भागात) न सोडता पुढे नेते. मग फिल्टरमधली ओल शोषणारी मॉलेक्युलर सीव्ह लवकर भिजते. तिच्यापुढचे हॉपकॅलाइट हे रसायन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मारण्यासाठी असते, पण ओल लागली की ते काम करत नाही. म्हणजे फिल्टर बाहेरून ठीक दिसतो, आणि जनरेटरचा धूर हवा आत ओढणाऱ्या इनटेकला लागला तर विष सरळ सिलिंडरमध्ये जाते. उपाय साधे आहेत: भरणे पहाटे करायचे, इनटेकचा पाइप जनरेटर आणि रस्त्यापासून दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूला आणि उंच न्यायचा, पुस्तिकेतल्या तासांच्या अर्ध्यातच फिल्टर बदलायचा, साचलेल्या पाण्याचा ड्रेन दर पंधरा मिनिटांनी सोडायचा. तरीही चाचणी हवीच. युरोपच्या ईएन १२०२१ मानकात कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएम (दहा लाखांत ५ भाग), कार्बन डायऑक्साइड ५०० पीपीएम आणि तेल घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. एका दुकानदाराला चाचणीचा संच घेणे जड जाते. संघटनेने एक संच घेऊन जिल्ह्याजिल्ह्यात फिरवला तर वर्गणी वसूल होते. सभेत हे लेखी मांडले. ठराव झाला, पण तरतूद झाली नाही. इतिवृत्तात ठराव आणि अंदाजपत्रकात शून्य, ही जोडी दिसली की समजून घ्यायचे.

सरकारी कामाची खात्री आवक-जावक नोंदीवरून होते. "आम्ही वर मांडले" असे कोणी म्हणाले तर निवेदनाची प्रत मागा आणि तिच्यावरचा आवक शिक्का, क्रमांक, तारीख बघा. आपल्या भागात अर्ज तीन ठिकाणी जातात: साहसी पर्यटनाच्या २०२१ च्या राज्य धोरणाखालची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे, धरणाच्या जलाशयाची परवानगी जलसंपदा विभागाकडे, म्हणजे जळगावच्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे, आणि सिलिंडरचे पेसोकडे. मला दाखवलेली सगळी पत्रे मेरीटाइम बोर्डाच्या, म्हणजे किनारा आणि बंदरे बघणाऱ्या सरकारी मंडळाच्या, नावाची होती. समुद्रावरच्यांसाठी ते काम झाले आहे, त्याबद्दल दुमत नाही. जलाशयांसाठी मात्र एकही कागद नव्हता.

सामूहिक विम्याचे आमिष सगळ्यांत मोठे असते, म्हणून मास्टर पॉलिसीच, म्हणजे विम्याचा मूळ करार, मागून घ्यायची, माहितीपत्रक नाही. ती नुसती वैयक्तिक अपघाताची आहे की त्रयस्थ पक्षाच्या दायित्वाची, हे आधी बघा. गिऱ्हाइकाने दावा लावला तर पहिली उपयोगाची नाही. रक्कम माणशी आहे की सगळ्या सभासदांत मिळून, खोलीची मर्यादा किती आणि गोडे पाणी, धरण, विहीर वगळले आहे का, हे अपवादांच्या पानावर असते.

एका गोष्टीपासून मात्र लांबच राहा. सभेत "किमान दर ठरवू या" असा विषय निघाला तर विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ खाली दर ठरवणारी संघटना आणि त्यात सामील सभासद, दोघांनाही दंड होऊ शकतो. औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी नवा स्टॉकिस्ट (घाऊक विक्रेता) नेमायला संघटनेच्या एनओसीची, म्हणजे ना-हरकत पत्राची, अट घातली होती, ती स्पर्धा आयोगाने बेकायदा ठरवली आहे. धंदा वाचवण्याच्या नावाखाली हा मार्ग सुचवणारे भेटतात, आणि फटका छोट्यालाच बसतो.

एवढे वाचल्यावर माझे मत असे झाले की ती संघटना किनाऱ्याचे आणि आयातदारांचे काम बऱ्यापैकी करते, आतल्या जिल्ह्यांचे करत नाही, आणि मतांची रचना आहे तशी राहिली तर करणारही नाही. तरीही मी साधारण वर्गात सभासद राहिलो, कारण रचना बदलायचा हक्क फक्त मत असलेल्याला असतो. त्यासाठी जादा सर्वसाधारण सभेची मागणी करता येते. नियमावलीत किती सभासदांच्या सह्या लागतात ते बघा, विषय एका वाक्यात लिहा, ठरावाचा मसुदा सोबत जोडा आणि स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवा. विषय ढोबळ लिहिला तर अध्यक्ष तो 'चर्चेपुरता' ठेवतात. आमचा मसुदा असा आहे: वर्गणीच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा चाचणी आणि हवा तपासणीसाठी वेगळ्या खात्यात, सभा ऑनलाइन मतदानासह, आणि कार्यकारिणीत समुद्र नसलेल्या जिल्ह्यांची एक जागा. सह्यांसाठी मालेगाव, शिरपूर, शहाद्याच्या मंडळींकडे तो फिरतो आहे.