टूर द्यू माँ ब्लाँ: हट आधी बुक कराव्यात का?

सह्याद्रीत रेंज ट्रेक करणाऱ्याला झोपायच्या जागेचं बुकिंग हा प्रकारच पचत नाही. आदल्या दिवशी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईत फोन करायचा, "दादा, चौघांची पिठलं-भाकरी ठेवा," आणि पुढचं पुढे. त्यामुळे आल्प्समधला टूर द्यू माँ ब्लाँ हा ट्रेक हटमध्ये, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरांत, राहत करायचं ठरलं तेव्हा आमच्यातला एक जण म्हणालाच, "कशाला आधीपासून बांधून घ्यायचं? चालू, दमू तिथे राहू." त्याला गप्प केलं ते आल्प्सने नाही, शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या) अर्जाने.

ही वाट माँ ब्लाँच्या डोंगररांगेला वळसा घालते. अंतर साधारण १७० किलोमीटर, एकूण चढ १०,००० मीटरच्या आसपास, आणि देश तीन: फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड. बहुतेक जण फ्रान्समधल्या लेझूशहून निघून घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. (प्रदक्षिणा उलटी घालायची हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही.) युरोपातल्या माणसाला 'बुक करू की नको' हा स्वभावाचा प्रश्न असतो. आपल्या पासपोर्टवर रोजचा मुक्काम कागदावर दाखवावा लागतो, म्हणजे अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

उरतो तो कटकटीचा भाग. व्हिसाचा अर्ज करायचा ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे. दिवस सारखे निघाले तरच पहिला प्रवेश कुठून हे बघतात. आमचं विमान उतरणार जिनिव्हाला, म्हणून सगळे स्वित्झर्लंड धरून चालले होते. एक्सेलमध्ये रात्री मोजल्या तर फ्रान्स जेमतेम पुढे. मग ट्रेकच्या आधीचा आणि नंतरचा मुक्काम जिनिव्हाऐवजी शामोनीत टाकला. विमानतळावरून शामोनीला थेट बस आहे, आणि फ्रान्सचं पारडं असं जड झालं की अर्ज कुणाकडे करायचा यात शंकाच राहिली नाही.

खरी मेख तारखांची. पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग हटवाले हिवाळ्यात, काही तर त्याआधीच उघडतात. व्हिसाचा अर्ज मात्र प्रवासाच्या ६ महिन्यांहून आधी घेत नाहीत. म्हणजे व्हिसा मिळेल की नाही हे कळायच्या कितीतरी आधी ॲडव्हान्स भरायचा. आम्ही हटचा ॲडव्हान्स बुडीत खात्यात धरला आणि खोऱ्यातल्या गावांमधली हॉटेलं मात्र फुकट रद्द करता येणारीच घेतली.

बुकिंग पहिल्या रात्रीपासून ओळीने करत जाऊ नका, हे मी आता प्रत्येकाला सांगते. ले कोंतामीन, कुर्मायूर, शॉम्पे, शामोनी या गावांत एक नाही तर दुसरं काहीतरी मिळतं. अडतं ते वर. क्र्वा द्यू बोनोमच्या खिंडीजवळची हट, इटलीत उतरल्यावर एलिझाबेत्ता, कुर्मायूरच्या पुढे बोनात्ती, शेवटाकडे लाक ब्लाँ. इथे जागा हुकली तर पुढची गादी काही तासांच्या चालीवर असते. आम्ही आधी बोनात्तीत चार जागा कोणत्या तारखेला आहेत ते पाहिलं, ती तारीख खुंटीसारखी पक्की केली आणि तिथून मागेपुढे सरकत बाकीच्या रात्री लावल्या. मग एलिझाबेत्ता जुळेना, म्हणून खुंटी उपटून पुन्हा दुसरीकडे ठोकली. हे दोनदा झालं. चौघांना एकत्र जागा मिळणं दोघांपेक्षा फारच अवघड, म्हणून शेवटी काही ठिकाणी दोन-दोन अशी वेगवेगळी बुकिंगं केली. ऑगस्टचा शेवटचा आठवडा आम्ही आधीच काट मारून टाकला होता. त्या दिवसांत याच वाटेवर यूटीएमबी ही अल्ट्रा मॅरेथॉन असते.

या वाटेसाठी एक सामायिक बुकिंग साइट आहे, पण सगळ्या हट तिच्यावर नाहीत. कुणाचा स्वतःचा फॉर्म, कुणाचा नुसता ईमेल. एका हटने आमच्या ईमेलला काही केल्या उत्तर दिलं नाही. शेवटी फोन केला आणि पाच मिनिटांत काम झालं. पैशांचं म्हणाल तर कार्डाची लिंक मागा. युरोपातल्या खात्यावर आपल्या बँकेतून किरकोळ ॲडव्हान्स पाठवायचा तर बँकेच्या शुल्कामुळे कोंबडीपेक्षा मसाला महाग पडतो. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये आधी चालू करून ठेवा. जेवण बहुतेक ठिकाणी मुक्कामातच धरलेलं असतं: रात्रीचं ठरलेलं जेवण आणि सकाळी पाव, जॅम, कॉफी. 'शाकाहारी' एवढंच लिहून थांबू नका; मांस नको, मासे नकोत, चीज-अंडं चालेल, असं फोड करून लिहा. आम्हाला कुठेही उपाशी झोपावं लागलं नाही, फक्त चीजचं अजीर्ण झालं.

हे सगळं कशासाठी, ते एलिझाबेत्तात दिसलं. दारातच बुटांचा रॅक, ओल्या लोकरीचा वास, आणि काउंटरवर बाई हातात पेन्सिल घेऊन छापील यादीवर एकेक नाव खोडत होत्या. आमचं आडनाव त्यांनी भलत्याच ठिकाणी तोडून वाचलं, पण यादीत होतं. आमच्या मागोमाग दोन मुलं आली, नखशिखांत भिजलेली, बुकिंग नसलेली. बाई ओरडल्या नाहीत, सूप दिलं, दोन-तीन ठिकाणी फोन लावले. सगळीकडे नन्नाच. शेवटी पोरांना ला व्हिझायकडे उतरून कुर्मायूरची बस पकडायला सांगितलं. पुन्हा सॅक चढवताना त्यातल्या एकाने आमच्या गाद्यांकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर आमचे 'दमू तिथे राहू' वाले गृहस्थ बुकिंगबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती हवामानात. बोनात्तीहून ग्रँ कोल फेरे ही २५३७ मीटरची खिंड ओलांडून स्वित्झर्लंडमधल्या ला फूलीला जायचं होतं, आणि अंदाज दुपारच्या विजांचा. बुकिंग नसतं तर एक दिवस थांबलो असतो. आम्ही नाश्ता घशाखाली ढकलून सगळ्यांत आधी निघालो, खिंडीत धुक्याशिवाय काही पाहिलं नाही आणि पहिला गडगडाट झाला तेव्हा पलीकडे बरंच खाली होतो. वर निभलं नसतं तर खाली खोऱ्यातल्या आर्नूव्हाहून बसने कुर्मायूर, मग आओस्ता, ग्रँ सँ बर्नारचा बोगदा आणि पुन्हा वर ला फूली, असा दिवसभराचा द्राविडी प्राणायाम मी लिहून ठेवला होता. प्रत्येक हटच्या तारखेसोबत तिथून खाली उतरायची बस कोणती, हा रकाना एक्सेलमध्ये ठेवाच. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. आदल्या दिवशी मागे थांबलेली मंडळी शॉम्पेत भेटली आणि खिंडीतून दिसलेल्या हिमनद्यांचे फोटो दाखवत बसली.

तंबूचं विचारतात बरेच जण. खोऱ्यांत कॅम्पिंगच्या रीतसर जागा आहेत आणि त्या स्वस्त पडतात. पण 'आपला तंबू, कुठेही ठोकू' हे तिथे चालत नाही. इटलीच्या बाजूला २५०० मीटरच्या खाली उघड्यावर तंबू लावायला बंदी आहे, आणि या वाटेवरच्या खिंडीच जेमतेम तेवढ्या उंच. स्वित्झर्लंडच्या बाजूलाही मनाई. फ्रान्समध्ये काही ठिकाणी रात्रीपुरती सूट मिळते. शिवाय व्हिसाच्या कागदांत रोजचा पत्ता लागतोच, त्यामुळे तंबू नेलात तरी कॅम्पसाइटचं बुकिंग करावं लागणारच.