नंतर आलेले

काकांनी पवना धरणाकाठी पत्र्याची खोली बांधली तेव्हा आम्ही लोकलने कामशेतला उतरून पवनानगरच्या एसटीची वाट बघत बसायचो. उरलेला रस्ता पायी. काकांच्या हातात रॉकेलचा कॅन, काकूच्या हातात पिठाचा डबा. पोचलं की समोर पाण्यापलीकडे तुंगचा सुळका, डावीकडे तिकोना, पाठीशी लोहगड. बाकी कोणी नाही.

'बाकी कोणी नाही' हे काकांचं आवडतं वाक्य. ते फार टिकलं नाही. दोन वर्षांत शेजारी बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी कौलारू घर बांधलं आणि ओटीवर ट्यूबलाइट लावली. काका महिनाभर त्या ट्यूबलाइटवर धुसफुसत होते. मग मैत्री झाली. इतकी, की तिसऱ्या घराचा पाया खणला गेला तेव्हा दोघं मिळून धुसफुसले.

घरं अशीच वाढत गेली, आणि खरं सांगायचं तर पाच-सहा घरं होती तेव्हा फार मजा होती. एकाच्या किल्ल्या दुसऱ्याकडे. शुक्रवारी फोन फिरायचे. जो आधी निघेल त्याने सगळ्यांचे पाव आणायचे. सिलिंडर संपला की पातेलं उचलून शेजारच्या ओट्यावर. पावसाच्या तोंडावर काजवे चमकायला लागले की सगळी घरं आपापले दिवे मालवायची, ट्यूबलाइटवालेसुद्धा.

आता शनिवारी काठाने तंबूंच्या रांगा लागतात. बार्बेक्यूचा धूर, पडद्यावर सिनेमा, स्पीकर. आम्ही जुने लोक 'पूर्वी असं नव्हतं' म्हणत खिडक्या लावून घेतो.

९ ऑगस्ट २०११ला, मंगळवारी, बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर मावळातले शेतकरी पवनेच्या जलवाहिनीविरुद्ध उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेले. त्या आठवड्यात आमच्या घराघरांत फोन झाले, ते मुख्यतः शनिवारी रस्ता सुरू असेल का, हे विचारायला. मीही एक केला होता.

आमच्याकडे झाडलोट करायला येणाऱ्या मावशी तंबूवाल्यांना 'पाव्हणं' म्हणतात. मला ते पटायचं. काकांनाही त्या तीस वर्षं पाव्हणंच म्हणायच्या, हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

गेल्या मे महिन्यात पाणी बरंच उतरलं होतं. पलीकडच्या काठाला वाघेश्वराचं देऊळ उघडं पडलं होतं. पाणी चढलं की ते पुन्हा बुडतं. मावशी म्हणाल्या, "चला, दावते." भेगाळलेल्या गाळातून आम्ही बरंच खाली उतरलो. एका ठिकाणी दगडांची चौकोनी ओळ होती, जेमतेम घोट्याएवढी.

"हितं आमचं घर व्हतं. मी ल्हान व्हते तवा."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला धरण झालं, गावं वर सरकली. पुनर्वसनाचे कागद अजून फिरताहेत. मावशींनी त्यातलं काहीच काढलं नाही. चूल कुठे होती, गोठा कुठे, एवढंच बोटाने दाखवलं.

मी ती दगडांची ओळ सरळ ओलांडणार होतो. मावशी वळसा घालून पलीकडे गेल्या, दोन दगडांमधली मोकळी जागा शोधली आणि तिथून आत शिरल्या. मी पाय मागे घेतला आणि त्यांच्यामागून दारातून गेलो.