अलहंब्रा: सिंहांकडे पाठ करून

स्पेनमधल्या ग्रानादा शहराच्या अलहंब्रा किल्ल्यात नास्री सुलतानांचे महाल आहेत. त्यांच्या तिकिटावर आत शिरण्याची वेळ छापलेली असते. ती चुकवायची नाही. पण एकदा आत गेलं की हवं तेवढं रेंगाळता येतं. बहुतेक मंडळी त्यातला कोमारेस महाल भराभर ओलांडून, दगडी सिंहांचं कारंजं असलेल्या सिंहांच्या चौकाकडे धावतात. मला मात्र भिंतींचा खालचा भाग बघायचा होता.

वरती कोरीव गिलावा आणि त्याखाली, साधारण छातीच्या उंचीपर्यंत, रंगीत तुकड्यांची नक्षी. हे तुकडे साच्यातले नाहीत. एकरंगी झिलईच्या फरश्या भाजायच्या, हत्याराने हव्या त्या आकारात तासायच्या आणि एकमेकींत फट न ठेवता बसवायच्या. त्यासाठी हाताइतकीच भूमिती पक्की हवी.

एका बिंदूभोवती 360 अंश नेमके भरले पाहिजेत. म्हणून सुसम, म्हणजे सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेल्या, बहुभुजांपैकी एकट्याच्या जोरावर जमीन भरून काढणारे तीनच: त्रिकोण, चौरस, षटकोन. पंचकोनाचा कोन 108 अंशांचा. तीन पंचकोन ठेवले की 36 अंशांची फट उरते आणि चौथा मावत नाही. खरी गंमत या तिघांच्या कडा वाकवण्यात आहे. चौरसाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंतून तुकडे कापून उरलेल्या दोन बाजूंना जोडले की इथलं प्रसिद्ध ‘हाड’ तयार होतं. क्षेत्रफळ तेवढंच, आणि एकाचा फुगवटा शेजारच्याच्या खाचेत नेमका बसतो, म्हणून फटही नाही. आपल्या फुटपाथवरचे एकमेकांत अडकणारे पेव्हर ब्लॉक याच युक्तीवर चालतात, पुढचं खोदकाम होईपर्यंत.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते ‘पाखरू’ म्हणतात त्या नक्षीपाशी. समभुज त्रिकोण घ्यायचा. प्रत्येक बाजूचा अर्धा भाग कंसाने बाहेर फुगवायचा, उरलेल्या अर्ध्या भागात तोच कंस आत दाबायचा. असे सहा तुकडे एका टोकाशी भेटतात. रंग विसरलात, तर त्या टोकाभोवती नक्षी 60 अंशांत फिरवली तरी जशीच्या तशी बसते. पण तुकडे एकाआड एक दोन रंगांत असले तर 60 अंशांत रंगांची अदलाबदल होते; मग 120 अंश फिरवावं लागतं. आकार तेच, सममिती वेगळी!

सपाट पृष्ठावर दोन दिशांना पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीच्या सममितीचे, म्हणजे ती सरकवून, फिरवून किंवा उलटवून जशीच्या तशी बसण्याचे, प्रकार 17 आणि फक्त 17 असतात. हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव्हने 1891 मध्ये सिद्ध केलं, हंगेरियन गणितज्ञ पोल्याने 1924 मध्ये स्वतंत्रपणे. डच चित्रकार एशर 1922 मध्ये इथे आला होता. 1936 मध्ये तो पत्नीसह पुन्हा आला आणि दोघांनी या नक्ष्या उतरवून घेतल्या. या कारागिरांनी माणसं-प्राणी वापरले नाहीत याची त्याला खंत वाटे. मला ती पटत नाही. पाखराला चोच काढली असती तर आपण चोचच बघत बसलो असतो.

अलहंब्रात सतराच्या सतरा प्रकार सापडतात का, यावर गणितज्ञांत वाद आहे. रंग धरायचे की सोडायचे यावरही मोजणी बदलते. मी रंग धरणाऱ्यांच्या बाजूचा. जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ घ्या आणि कोमारेसला सिंहांपेक्षा जास्त वेळ द्या.