खाशाबांचे पदक आणि संदर्भ

आज करवीर नगर वाचन मंदिरात बसून विकिपीडियासाठी कुस्तीगीर खाशाबा जाधव यांच्या चरित्रातील तपशील पडताळले. ‘ऑलिंपिकमधील भारताचे पहिले वैयक्तिक पदक’ असे कोल्हापुरात अभिमानाने सांगितले जाते, आणि १९५२ च्या हेलसिंकीतील त्या कांस्यपदकाचा अभिमान मलाही आहेच. परंतु १९०० च्या पॅरिस स्पर्धेतील धावपटू नॉर्मन प्रिचर्ड यांची दोन रौप्यपदके आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती भारताच्या नावावर धरते, म्हणून ‘स्वतंत्र भारताचे पहिले’ असेच लिहावे लागते. तालमीत वस्ताद सांगतात त्या आठवणी प्रकाशित, स्वतंत्र स्रोताविना लेखात घेता येत नाहीत, याचे मात्र मनापासून वाईट वाटते. अनेक संकेतस्थळांनी विकिपीडियावरूनच मजकूर उतरवलेला असतो, त्यामुळे तोही संदर्भ म्हणून चालत नाही. ‘स्वतंत्र भारताचे पहिले’ या बदलामागचे कारण लेखाच्या चर्चा पानावर नोंदवले आहे. १९४८ च्या लंडनमधील सहाव्या क्रमांकासाठी त्या काळची वृत्तपत्रे अजून पाहायची आहेत.