सर्च टर्म्स उघडल्यावर

जाहिरात एजन्सीत आल्यावर मी मेल नंतर बघते. आधी गूगल ॲड्समधला सर्च टर्म्स रिपोर्ट. लोकांनी नेमकं काय टाइप केलं आणि आपली जाहिरात कुठे दिसली, ते तिथे ओळीओळीने कळतं. मागच्या महिन्यात गाद्या विकणाऱ्या एका क्लायंटचं बजेट भराभर संपत होतं, विक्री मात्र जागची हलेना. पाहते तर ‘जुनी गादी कुठे टाकायची’, ‘गादीवरचे डाग कसे काढायचे’ असल्या शोधांवर क्लिक पडत होते. ‘जुनी’ आणि ‘डाग’ लगेच निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत टाकले. चूक माझीच होती. ब्रॉड मॅच, म्हणजे मिळत्याजुळत्या शोधांवरही जाहिरात दाखवणारी सोय लावून आठवडाभर या क्लायंटच्या रिपोर्टकडे फिरकलेच नव्हते. क्लायंटला फोन करून तसं सांगितलं.

मला जीव लावून करावंसं वाटतं ते मथळ्यांचं काम. रिस्पॉन्सिव्ह सर्च ॲडला, म्हणजे दिलेल्या मथळ्यांतून गूगल स्वतः जुळवून दाखवतं त्या जाहिरातीला, १५ मथळे देता येतात, प्रत्येकाला मर्यादा ३० कॅरेक्टर्सची. त्यात काना-मात्रासुद्धा जपून वापरते. ‘पाठ दुखणार नाही’ फार मोहात पाडत होतं, पण तसं वचन कोण देणार? खोडलं. शेवटी ‘१०० रात्री झोपून पाहा’ ठेवलं. तेवढ्या दिवसांत गादी परत घ्यायची क्लायंटची खरोखर तयारी आहे.