आपल्या लोकांना तिथं घेतात का?

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. कोल्हापूरहून आई फोनवर विचारते, "ती पोरगी काठीनं मारामारी खेळती का गं?" आत्या विचारतात, "क्रिकेट नाही का मिळत तिकडं?" आणि परवा पुण्याहून नुकत्याच इथं, आयर्लंडमधल्या कॉर्कला, आलेल्या एका मैत्रिणीनं सगळ्या प्रश्नांच्या तळाशी असलेला प्रश्न सरळच विचारला, "ताई, तुमची लेक त्या गावच्या क्लबात खेळते ना? खरं सांगा, आपल्या लोकांना तिथं घेतात का?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. हो किंवा नाही एवढ्यावर हे भागणार नाही.

आधी आईच्या प्रश्नाचं. लेक खेळते त्या खेळाचं नाव कमोगी, म्हणजे हर्लिंग या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाचा बायकांचा प्रकार. हातात अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला पसरट अशी काठी, तिला हर्ली म्हणतात. चेंडू चामड्याचा, त्याला स्लिदर म्हणतात. आकारानं क्रिकेटच्या चेंडूएवढाच, पण वजनाला बराच हलका. तो हवेतल्या हवेत मारायचा, हर्लीवर तोलत पळायचं, वरून आला तर गर्दीत हात घालून झेलायचा. एका बाजूला पंधरा जणी. गोलाच्या खांबांचा आकार इंग्रजी एचसारखा. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक. गोल आणि गुण वेगवेगळे लिहितात, त्यामुळे २-१२ म्हणजे अठरा, आणि १-१४ म्हणजे सतरा. लागतं का? लागतं. बोटं सुजतात, पोटऱ्या काळ्यानिळ्या होतात. पण डोक्यावर जाळीचं हेल्मेट असतं. हर्लिंगमध्ये २०१० पासून ते सगळ्या वयांना सक्तीचं आहे. मारामारी नाही आई, पण भित्र्याचं काम नाही हे खरं.

क्रिकेट मिळतं. आयर्लंडला २०१७ मध्ये कसोटीचा दर्जा मिळाला, आणि माझा नवरा उन्हाळ्यातले शनिवार क्रिकेटमध्येच घालवतो. तिथं आपलीच माणसं भेटतात, मराठी-हिंदी कानावर पडतं, बरं वाटतं. पण आम्ही राहतो ते गाव तिथं भेटत नाही. या देशात क्रिकेटला "परका खेळ" मानण्याचा मोठा इतिहास आहे. गेलिक, म्हणजे मूळच्या आयरिश खेळांची संघटना, जीएए, १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) थर्ल्स गावी एका हॉटेलात स्थापन झाली. इंग्रजी खेळांपुढं आपले खेळ मरू नयेत हा हेतू. पुढं नियम असा झाला की क्रिकेट, रग्बी, सॉकर, हॉकी खेळणाऱ्याला जीएएत जागा नाही. तो नियम उठला १९७१ मध्ये. हे मला कळलं तेव्हा मी जरा दचकलेच. ज्या संघटनेचा जन्मच "आपलं" आणि "परकं" या भेदातून झाला, तिच्याकडं मी, कोल्हापूरची बाई, पोरीचा हात धरून जात होते.

तरी गेले, त्याला कारण कोल्हापूरच.

आमच्या गच्चीवर शाहू स्टेडियमचा आवाज यायचा. शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम यांचा फुटबॉलचा सामना असला की गोल झाल्याचं आम्हाला रेडिओशिवाय कळायचं. काका आणि भाऊ जायचे, सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून घसा बसेपर्यंत ओरडायचे. मुलींना न्यायची पद्धत नव्हती. पण तालीम म्हणजे काय हे मला घरातूनच ठाऊक होतं. ती नुसती टीम नसते. ती पेठ असते. गणपती तिचाच, मयतीला खांदा द्यायला माणसं तिचीच, आणि मैदानावर उतरणारी पोरंही तिचीच. तुम्ही कुठल्या तालमीचे हे कुणी निवडत नाही. घर जिथं, तालीम तिथली.

इथला जीएए क्लब म्हणजे तंतोतंत हेच. एका पॅरिशचा एक क्लब. वसई-गोव्याकडं चर्चच्या हद्दीला पॅरिश म्हणतात, तेच हे. तुमचं घर ज्या पॅरिशमध्ये, त्या क्लबाचे तुम्ही. शेजारचा क्लब जिंकतो म्हणून तिकडं उडी मारता येत नाही. बदलीचे नियम कडक आहेत. खेळाडूंना पगार नाही, अगदी डब्लिनच्या क्रोक पार्कात, जीएएच्या मुख्य मैदानावर, ब्याऐंशी हजार लोकांपुढं खेळणाऱ्यालाही नाही. तो सोमवारी शाळेत शिकवायला किंवा गोठ्यात दूध काढायला जातो. क्लब चालतो दर आठवड्याच्या लॉटरीवर, वर्गणीवर आणि गवत कापणाऱ्या, गेट उघडणाऱ्या माणसांच्या फुकट वेळावर. नीट पाहिलं तर पॅरिशच्या या नियमातच परक्यासाठी दार आहे. घर इथं असेल तर क्लब तुमचा. आजोबा कुठले, देव कुठला, हे नियमात कुठंच नाही.

दार असलं तरी आत पाऊल कसं टाकायचं, हे वेगळं. लेक सहा वर्षांची असताना क्लबातला एक प्रशिक्षक शाळेत आला, मुलांना छोट्या हर्ली देऊन तासभर खेळवलं आणि चिठ्ठी दिली: शनिवारी सकाळी दहा वाजता मैदानावर या. आम्ही गेलो. लेक पळत सुटली. मी मात्र तीन शनिवार गाडीतच बसून राहिले. बाहेर बाया घोळक्यानं उभ्या, सगळ्या एकमेकींच्या शाळेपासूनच्या ओळखीच्या. त्यांच्यात जाऊन उभं राहायचं आणि बोलायचं काय? चौथ्या शनिवारी एका बाईनं काचेवर टकटक केली. वाटलं, आता चौकशी करणार, कुठून आलात, किती वर्षं झाली. ती म्हणाली, "हेल्मेटचे पट्टे बांधायला एक माणूस कमी आहे, येतेस का?"

वीस पोरं, वीस हनुवट्या, थंडीनं बधिर झालेली माझी बोटं. अर्ध्या तासात मला वीसही पोरांची नावं पाठ झाली, आणि पुढच्या आठवड्यात सुपरमार्केटात त्यातली तिघं मला नावानं हाक मारून गेली. त्या बाईनं चहाला बोलावलं असतं तर मी आभार मानून घरी गेले असते. काम दिलं म्हणून मी राहिले. स्वागत-समारंभ, वेगवेगळ्या देशांच्या पदार्थांचे मेळे, हे सगळं मी इथं पाहिलंय. चांगलं असतं, संध्याकाळी संपतं. पट्टे मात्र दर शनिवारी बांधावे लागतात. पुढं मी पोलिसांची पडताळणी करून घेतली, मुलांच्या सुरक्षिततेचा वर्ग केला (मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही करावंच लागतं), प्रशिक्षणाचा पहिला टप्पा केला. आज धाकट्या मुलींचा गट मी सांभाळते. आणि बायकांसाठी "गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स" म्हणून आयरिश पद्धतीचा, गेलिक फुटबॉल असतो, स्पर्धेविना, हौसेचा. बुधवारी रात्री मी तो खेळते. गच्चीवरून आवाज ऐकणारी मी एकेचाळिसाव्या वर्षी मैदानात उतरले. आईला हे अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

स्पर्धांबद्दल सांगायलाच हवं, कारण गाव खरं कळतं ते तेव्हा. कॉर्क ही आयर्लंडची सगळ्यात मोठी काउंटी, म्हणून खेळासाठी तिचे आठ विभाग पाडलेत. आमचा पूर्वेकडचा, इमोकिली. प्रौढांच्या ज्युनियर दर्जाचे क्लब (ज्युनियर म्हणजे वय नव्हे, पायरी) आधी विभागात झुंजतात. विभागाचा विजेता काउंटीच्या फेरीत जातो. काउंटीच्या वर मन्स्टर प्रांत, आणि त्याच्या वर ऑल-आयर्लंड, म्हणजे सगळ्या देशाची स्पर्धा. विभागाच्या अंतिम फेरीच्या आठवड्यात आमच्या गावात विजेच्या खांबांना, कुंपणांना, अगदी गुरांच्या ट्रेलरलासुद्धा झेंडे लागतात. एका वर्षी आम्ही तो सामना एका गुणानं हरलो. फार्मसीतला माणूस दुसऱ्या दिवशी मला औषध देताना म्हणाला, "आपला शेवटचा फ्री फटका वाऱ्यानं नेला." "आपला" हा शब्द त्यानं सहज वापरला. मी औषध घेऊन गाडीत बसले आणि थोडा वेळ गाडी सुरूच केली नाही.

विभागाची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. छोट्या क्लबांतले चांगले खेळाडू एकत्र येऊन विभागाचा संघ म्हणून काउंटीच्या सिनियर स्पर्धेत उतरू शकतात. इमोकिलीनं २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं कॉर्कची सिनियर हर्लिंग स्पर्धा जिंकली. २०२४ मध्ये पुन्हा जिंकली, अंतिम फेरीत सार्सफील्ड्स क्लबाला हरवून. पण विभागाचा संघ प्रांताच्या स्पर्धेत जाऊ शकत नाही, ती फक्त क्लबांची. म्हणून हरलेला सार्सफील्ड्स मन्स्टरला गेला आणि तिथं चक्क विजेता ठरला. रविवारी एकमेकांच्या पोटऱ्या फोडणाऱ्या दोन गावांची पोरं मंगळवारी एकाच रंगाच्या जर्सीत सराव करतात. इथली माणसं "आपण" हा शब्द कधी गावापुरता, कधी विभागापुरता, कधी काउंटीपुरता वापरतात, तशी त्यांना सवयच आहे. तो थोडा आणखी ताणणं त्यांना जमायला हवं, आणि पुष्कळदा जमतं.

उदाहरणं आहेत. शॉन ओग ओ हॅलपीनची आई फिजीतल्या रोटुमा बेटाची, वडील आयरिश. लहानपणी तो ऑस्ट्रेलियातून कॉर्कला आला. २००५ मध्ये कॉर्कनं ऑल-आयर्लंड हर्लिंग जिंकलं तेव्हा कर्णधार तोच, आणि चषक हातात घेऊन त्यानं भाषण केलं ते आयरिश भाषेत. त्यानंतर २०२५ पर्यंत कॉर्कला तो चषक पुन्हा मिळाला नाही, २०२४ ची अंतिम फेरी ते क्लेअरपुढं एका गुणानं हरलं, २०२५ ची टिपरेरीपुढं, त्यामुळे ते भाषण इथं अजून आठवतात. झॅक मोरादी कुर्द निर्वासित, इराकमध्ये जन्मलेला. तो लीट्रिम काउंटीकडून हर्लिंग खेळला आणि २०१९ मध्ये क्रोक पार्कात लॉरी मार चषक जिंकला. लायबेरियात जन्मलेला बॉइडू साये वेस्टमीथ काउंटीकडून गेलिक फुटबॉल खेळला. ३१ जुलै २०२० रोजी, कोविडच्या काळात, क्रोक पार्कच्या गवतावर ईदची नमाज झाली. त्याच मैदानावर २१ नोव्हेंबर १९२० रोजी ब्रिटिश दलांनी सामना चालू असताना गोळीबार करून चौदा जणांचा जीव घेतला होता. जालियनवाला बागेची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला त्या गवताचं मोल वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि लिओ वराडकर तुम्हाला ठाऊकच आहेत. मालवणजवळच्या वराडचा वारसा असलेला माणूस या देशाचा पंतप्रधान झाला.

पण मोठी नावं सांगून मला तुमचं समाधान करायचं नाही. २०२५ च्या जुलैत डब्लिनच्या टॅलाट भागात एका भारतीय माणसाला बेदम मारलं, १ ऑगस्टला आपल्या दूतावासानं सावधगिरीची सूचना काढली, आणि माझा फोन आठवडाभर थांबला नाही. त्या भीतीत मीही होते. आणि मैदानही काही देशाबाहेर नसतं. लेक अकरा वर्षांची असताना एका सामन्यात समोरच्या संघातल्या मुलीनं तिला "तुझ्या देशात परत जा" म्हटलं. रेफरीला कळलं, आमच्या प्रशिक्षकानं खेळ थांबवायला लावला, दोन दिवसांनी त्या मुलीला घेऊन तिचे वडील आमच्या क्लबात आले, माफी मागितली. हे चोख झालं. मला लागलं ते दुसरंच. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, रोजच्या दोघी-तिघी त्या वेळी काहीच बोलल्या नाहीत. मैदानाकडं बघत राहिल्या. पुढच्या बैठकीत मी ते सांगितलं, आवाज कापत होता. एकजण नंतर घरी आली, म्हणाली, काय बोलावं सुचलं नाही. मी म्हटलं, माझ्या बाजूला एक पाऊल सरकली असतीस तरी चाललं असतं. आता ती सरकते.

आणखी एक कमतरता, आणि ती क्लबांची तितकीच आपली. लहान गटांत प्रत्येक मुलाला खेळायला मिळतं, जिंकण्या-हरण्याला महत्त्व नसतं. तेरा-चौदाव्या वर्षी खरी स्पर्धा सुरू होते, आठवड्यातून तीनदा सराव, लांबचे सामने, गाड्यांची जुळवाजुळव. आणि नेमकी तेव्हा बाहेरून आलेल्या घरांची पोरं गळतात. क्लबाला वाटतं, यांना आवड राहिली नाही. घरच्यांना वाटतं, आपल्याला निवडत नाहीत. दोघं एकमेकांना विचारत नाहीत. आमच्याकडं आम्ही आता गळालेल्या प्रत्येक मुलीच्या घरी जातो. बहुतेक वेळा कारण निघतं ते गाडी नसल्याचं किंवा त्याच वेळी असलेल्या गणिताच्या क्लासचं. गाडीचं जमवता येतं. क्लासबद्दल मात्र मी आपल्या आयांशी भांडते, आणि भांडत राहणार.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: घेतात. तू गाडीतून उतरलीस तर लवकर, नाही उतरलीस तर कुणीतरी काचेवर टकटक करेपर्यंत थांबावं लागेल, आणि प्रत्येक क्लबात टकटक करणारं माणूस असेलच असं मी सांगू शकत नाही. आमच्याकडं आहे. शनिवारी सकाळी दहा वाजता. हर्ली विकत घेऊ नकोस, लहान मुलांची उंची वर्षाला बदलते, क्लबात पडलेल्या आहेत. हेल्मेटही लेकीचं जुनं आहे. पोराच्या डोक्याचा घेर मोजून तेवढा कळव. आणि येताना हातमोजे आण, स्वतःसाठी. थंडीत पट्टे बांधताना बोटं बधिर होतात.